लुईस संरचना काढताना आधी रोजमेळ, मग चित्र

बडोद्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकतात. अकरावीला रासायनिक बंधांचा धडा येतो तेव्हा इंग्रजी पुस्तकात ‘व्हॅलन्सी’ असते, शेजारच्या मित्राच्या गुजराती पुस्तकात ‘संयोजकता’, आणि घरी समजावायला बसलेल्या काकांना आठवते ती ‘संयुजा’. तिन्ही एकच. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन, आणि लुईस संरचनेत, म्हणजे रेणूतले बंध ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चित्रात, ठिपके मांडायचे ते फक्त त्यांचेच. आतल्या कवचांतल्या इलेक्ट्रॉनना इथे काही काम नाही.

ही पद्धत गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१६ साली मांडली. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम १९ वर्षं झाली होती. दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी सामायिक ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही खात्यात मोजली जाते, हा त्याचा मूळ विचार. ‘कोव्हॅलंट’, म्हणजे सहसंयुज, हा शब्द इर्व्हिंग लँगम्यूरने १९१९ मध्ये रूढ केला.

नवखी मुलं जिथे चुकतात तिथे चूक सहसा चित्राची नसते, हिशेबाची असते. रावपुऱ्यातल्या जुन्या दुकानात दिवसअखेर रोजमेळ मिळवतात तसंच हे काम आहे. जमा किती, वाटले किती, शिल्लक किती, हे एका इलेक्ट्रॉनपर्यंत जुळलं पाहिजे. रेणूत एकूण इलेक्ट्रॉन किती हे पेन्सिल उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. चित्र नीट दिसत नाही म्हणून दोन ठिपके वाढवता येत नाहीत.

सुरुवातीला साहित्य एवढं पुरे: गणिताची चौकटीची वही, एचबी पेन्सिल, खोडरबर आणि वाटीत पन्नासेक मुगाचे दाणे. दाण्यांकडे पोरखेळ म्हणून बघू नका. कागदावर ठिपका कुठूनही आणता येतो, वाटीतला दाणा मात्र मोजून घेतलेला असतो. पहिले आठ-दहा रेणू दाण्यांनी मांडले की सवय हातात बसते. पन्नास यासाठी, की या लेखातला सर्वांत मोठा हिशेब ४८ चा आहे.

मूलद्रव्यांची चिन्हं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत: एच हायड्रोजन, सी कार्बन, एन नायट्रोजन, ओ ऑक्सिजन, एफ फ्लोरिन, सीएल क्लोरिन, एस गंधक. वहीत अर्थातच नेहमीचं चिन्ह लिहा.

पहिली पायरी : जमा

रेणूतल्या प्रत्येक अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन काढून त्यांची बेरीज करायची. आवर्त सारणीतला गट पाहा. गट १ आणि २ ला तोच आकडा. गट १३ ते १८ असेल तर गटातून १० वजा करा. कार्बन गट १४ मध्ये, म्हणून ४. नायट्रोजन आणि फॉस्फरस ५, ऑक्सिजन आणि गंधक ६, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ७, बोरॉन ३, हायड्रोजन १. हेलियम १८ व्या गटात असूनही त्याच्याकडे दोनच असतात.

आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट, असेल तर प्रभाराचाही हिशेब धरायचा. ऋण प्रभार असेल तर तेवढे इलेक्ट्रॉन मिळवायचे, धन असेल तर वजा करायचे. इथे उलटं करणारे खूप जण असतात, कारण ‘उणे’ चिन्ह दिसलं की हात आपोआप वजाबाकीकडे जातो. इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे. त्यामुळे ऋण प्रभार म्हणजे बाहेरून आलेला जादा इलेक्ट्रॉन. कार्बोनेट आयनात कार्बनचे ४, तीन ऑक्सिजनचे १८ आणि प्रभाराचे २, एकूण २४. अमोनियम आयनात नायट्रोजनचे ५, चार हायड्रोजनचे ४, वजा १, एकूण ८.

ही बेरीज पानाच्या कोपऱ्यात लिहून तिला चौकट करा. शेवटी पुन्हा तिच्याकडेच यायचं आहे.

दुसरी पायरी : सांगाडा

मधे कोण, कडेला कोण हे आता ठरवायचं. हायड्रोजन कधीच मधे येत नाही, कारण त्याला एकच बंध करता येतो. फ्लोरिनचंही तसंच. कार्बन असेल तर तो मधे. नाहीतर ज्याची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद, सर्वांत कमी तो मधे बसतो. बहुतेक वेळा सूत्रात एकटा असलेला अणू तोच असतो. पाउलिंगच्या मापात फ्लोरिन ४.०, ऑक्सिजन ३.५, नायट्रोजन आणि क्लोरिन ३.० च्या आसपास, कार्बन २.५, हायड्रोजन २.१. एवढे आकडे पाठ असले की शाळेतल्या जवळजवळ सगळ्या रेणूंचं भागतं.

दोन ठिकाणी सूत्र फसवतं. ऑक्सिजन असलेल्या आम्लांत हायड्रोजन बहुधा ऑक्सिजनला चिकटलेला असतो, मधल्या अणूला नाही. हायपोक्लोरस आम्लाचा क्रम एच–ओ–सीएल असा आहे, एच–सीएल–ओ असा नाही. दुसरं म्हणजे नायट्रस ऑक्साइड, एनटूओ. एकटा ओ पाहून त्याला मधे बसवावंसं वाटतं, पण खरा क्रम एन–एन–ओ आहे. नायट्रोजनची विद्युतऋणता ऑक्सिजनपेक्षा कमी, म्हणून मधली जागा त्याची.

सांगाडा काढताना चिन्हांमध्ये दोन चौकटी मोकळ्या सोडा, वर-खाली एकेक. जागा सोडली नाही तर पुढे ठिपके आणि रेघा एकमेकांत शिरतात आणि मोजणी चुकते.

तिसरी पायरी : वाटप

कार्बन डायऑक्साइड घेऊन बसू. जमा ४ + ६ + ६ = १६. वाटीत मोजून १६ दाणे ठेवा, बाकीचे मूग डब्यात परत घाला आणि झाकण लावा.

मधे सी, दोन्ही बाजूंना ओ. प्रत्येक जोडणीच्या जागी दोन दाणे ठेवा. हे झाले दोन एकेरी बंध. चार दाणे गेले, वाटीत बारा. आता प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन जमवायचे, यालाच अष्टक म्हणतात. कडेच्या अणूंपासून सुरुवात करा. डाव्या ओजवळ बंधातले दोन आहेतच, त्याला आणखी सहा द्या. उजव्यालाही सहा. वाटी रिकामी.

आता प्रत्येक चिन्हाला लागून असलेले दाणे मोजा. डावा ओ : आठ. उजवा ओ : आठ. मधला सी : फक्त चार. अष्टकाला चार कमी.

नेमका इथेच डबा उघडायचा मोह होतो आणि कार्बनवर चार जादा ठिपके येऊन बसतात. चित्र दिसायला छान सममित दिसतं, पण त्यात वीस इलेक्ट्रॉन असतात आणि असा रेणू नसतो. दाणे आणायचे नाहीत, सरकवायचे. उजव्या ओजवळची, बंधात नसलेली एक जोडी उचला आणि सी व ओ यांच्या मधे ठेवा. ओचं काहीच गेलं नाही, कारण जोडी अजून त्याला लागूनच आहे. सीकडे मात्र आता सहा झाले. डाव्या ओचीही एक जोडी तशीच सरकवा. सी आठ, दोन्ही ओ आठ-आठ, दाणे तेच सोळा. झालं : ओ=सी=ओ, प्रत्येक ओवर दोन मोकळ्या जोड्या. बंधात न अडकलेल्या या जोडीला वर्गात ‘लोन पेअर’ म्हणतात, गुजराती पुस्तकात ‘अबंधकारक युग्म’.

क्रम नेहमी हाच : आधी एकेरी बंध, मग कडेच्या अणूंचं अष्टक (हायड्रोजनला बंधातले दोन पुरतात, त्याच्यावर कधीच मोकळा ठिपका नको), मग उरलेले सगळे मधल्या अणूवर, आणि तरी मधल्याला कमी पडलं तर कडेची लोन पेअर सरकवून दुहेरी किंवा तिहेरी बंध.

या क्रमाने काही रेणू झटकन होतात. घरात पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याचे आठ, चार बंधांत आठही संपले. फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात बनणारा अमोनिया, एनएचथ्री : आठ, तीन बंधांत सहा, उरलेले दोन एनवर. पाणी : आठ, दोन बंधांत चार, उरलेले चार ओवर, म्हणजे दोन लोन पेअर. तिघांकडे आठच इलेक्ट्रॉन. फरक इतकाच की किती बंधांत गेले आणि किती मोकळे राहिले.

अमोनियावरची ती एक लोन पेअर विसरू नका. दिसायला दोन ठिपके, पण अमोनियाचं बरंचसं रसायनशास्त्र त्यांच्यात आहे. आम्लातला एच-प्लस याच जोडीवर येऊन बसतो आणि अमोनियम आयन तयार होतो. अमोनियम सल्फेट हे खत त्याचंच. पहिल्या चाचणीत सर्वांत जास्त गुण याच विसरलेल्या जोडीवर जातात.

हायड्रोजन सायनाइड, एचसीएन : १ + ४ + ५ = १०. एच–सी–एन सांगाड्यात चार गेले, उरलेले सहा एनवर. सीकडे चारच. एनच्या दोन जोड्या सरकवल्या की एच–सी≡एन, एनवर एक लोन पेअर. नायट्रोजन वायूही दहाचाच : एन≡एन, दोघांवर एकेक जोडी.

कोयलीजवळच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात नॅफ्था तापवून, तोडून इथिलीन काढतात. त्यात दोन मधले अणू आहेत. जमा ८ + ४ = १२. दोन सी एकमेकांना जोडा, प्रत्येकाला दोन एच. पाच बंध, दहा गेले, उरले दोन. ते एका सीवर ठेवले तर त्याचे आठ होतात, दुसऱ्याचे सहाच. तीच जोडी दोघांच्या मधे सरकवा : सी=सी. दोन मधले अणू असले तरी रीत बदलत नाही.

आधीच बंध मोजायची युक्ती

चित्र काढण्याआधी एकूण किती बंध येणार हे कळतं. प्रत्येक अणूला हवे असलेले इलेक्ट्रॉन मिळवा : हायड्रोजनला २, बाकी प्रत्येकाला ८. त्यातून जमा वजा करा आणि दोनने भागा. कार्बन डायऑक्साइडला हवेत २४, जमा १६, फरक ८, बंध ४. दुहेरी बंधाचे दोन धरायचे, म्हणजे दोन दुहेरी बंध. इथिलीनला हवेत १६ + ८ = २४, जमा १२, बंध ६ : चार सी–एच आणि एक दुहेरी. एचसीएनला हवेत १८, जमा १०, बंध ४.

ही युक्ती ज्या रेणूंत फसते, तिथे तिचं फसणंच उपयोगी पडतं. त्याकडे पुढे येऊ.

फॉर्मल चार्ज

कार्बन डायऑक्साइडमध्ये एकेका ओची एक जोडी सरकवली. एकाच ओच्या दोन जोड्या सरकवल्या असत्या तर? ओ≡सी–ओ. अष्टकं सगळ्यांची पूर्ण, दाणे सोळाच. मग हे चित्र चूक का?

त्याचं उत्तर फॉर्मल चार्ज देतो, मराठीत औपचारिक प्रभार. प्रत्येक अणूसाठी : संयुजा इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरचे मोकळे ठिपके, वजा त्याच्या बंधांची संख्या. ठिपके एकेक मोजायचे, बंध मात्र रेघांप्रमाणे. जोडीतला एक माझा, एक तुझा, म्हणून एका रेघेला एकच. इथे बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन वजा केले की सगळं उत्तर बिघडतं. अष्टक मोजताना जोडी पूर्ण धरायची, फॉर्मल चार्ज काढताना अर्धी. हे दोन हिशेब वहीत वेगवेगळ्या ओळींवर करा.

ओ=सी=ओ मध्ये ओसाठी ६ − ४ − २ = ०, सीसाठी ४ − ० − ४ = ०. सगळीकडे शून्य. ओ≡सी–ओ मध्ये तिहेरी बंधाचा ओ : ६ − २ − ३ = +१, एकेरीचा ओ : ६ − ६ − १ = −१. प्रभार शून्याच्या जितके जवळ तितकी संरचना चांगली, म्हणून पहिली. आणि प्रभार टाळताच येत नसेल, तर ऋण प्रभार जास्त विद्युतऋण अणूवर असावा. नायट्रस ऑक्साइडचं एन≡एन–ओ हे चित्र (०, +१, −१) म्हणूनच एन=एन=ओ (−१, +१, ०) पेक्षा जास्त वजनाचं.

सगळ्या अणूंच्या फॉर्मल चार्जची बेरीज रेणूसाठी शून्य आणि आयनासाठी आयनाच्या प्रभाराएवढी आलीच पाहिजे. नाही आली तर ठिपका कुठेतरी हरवलाय किंवा वाढलाय. चौकटीतल्या बेरजेकडे परत जा.

कार्बन मोनॉक्साइड मात्र थक्क करतो. दहा इलेक्ट्रॉन, सी≡ओ, दोघांवर एकेक जोडी. फॉर्मल चार्ज : कार्बनवर −१, ऑक्सिजनवर +१. आत्ताच सांगितलेल्या नियमाच्या अगदी उलट, तरीही हेच चित्र बरोबर, कारण दोघांचंही अष्टक पूर्ण करणारं दुसरं चित्रच नाही. अष्टक आधी, फॉर्मल चार्ज नंतर.

एका रेणूला दोन-तीन चित्रं

ओझोन, ओथ्री. जमा १८. दोन बंधांत चार, कडेच्या दोघांना बारा, उरलेले दोन मधल्यावर. मधल्याकडे सहा झाले, म्हणजे एक जोडी सरकवायची. पण डावीकडून की उजवीकडून? दोन्ही चालतात. ओ=ओ–ओ आणि ओ–ओ=ओ, दोन्ही काढायची आणि मधे दोन टोकांचा बाण घालायचा.

याचा अर्थ रेणू या दोन चित्रांत आळीपाळीने उड्या मारतो असा अजिबात नाही. ओझोनमधले दोन्ही बंध मोजले तर सारखेच भरतात, सुमारे १२८ पिकोमीटर. ऑक्सिजन वायूतला दुहेरी बंध १२१ चा, हायड्रोजन पेरॉक्साइडमधला एकेरी सुमारे १४८ चा. ओझोनचा या दोघांच्या मधला. खरा रेणू एकच असतो. आपली रेघ अर्धी काढता येत नाही, म्हणून दोन चित्रं लागतात. याला संस्पंदन म्हणतात, वर्गात रेझोनन्स.

नायट्रेट आयन : ५ + १८ + १ = २४. तीन बंधांत सहा, उरलेले अठरा तीन ओवर, एनकडे सहा. एका ओची जोडी सरकवली की एक दुहेरी, दोन एकेरी. तीन ओपैकी कुठलाही दुहेरी असू शकतो, म्हणून तीन चित्रं. फॉर्मल चार्ज एनवर +१, एकेरी ओवर −१ आणि −१, दुहेरीवर ०, बेरीज −१. जुळलं. संपूर्ण चित्राला चौकोनी कंस करा आणि कंसाबाहेर उजवीकडे वर प्रभार लिहा. कंस नसेल तर प्रभार कुणा एकाच अणूचा वाटतो.

अष्टक जिथे बसत नाही

बोरॉन ट्रायफ्लोराइड : ३ + २१ = २४. तीन बंध, अठरा फ्लोरिनवर, बोरॉनकडे सहाच. वरची युक्ती चार बंध सांगेल. पण एफची जोडी सरकवली तर फ्लोरिनवर +१ येतो, आणि सर्वांत विद्युतऋण मूलद्रव्यावर धन प्रभार पटण्यासारखा नाही. शालेय पातळीवर बोरॉन सहावरच सोडा. ही उणीव खरी आहे : अमोनिया आपली लोन पेअर घेऊन येतो आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड ती आनंदाने घेतो.

सल्फर हेक्झाफ्लोराइड : ६ + ४२ = ४८. हवेत ५६, फरक ८, बंध ४. पण मधल्या एसला सहा एफ जोडायचे आहेत! सांगाड्याला लागणाऱ्या बंधांपेक्षा युक्तीचं उत्तर कमी आलं की समजायचं, मधल्या अणूभोवती आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन येणार. सहा बंधांत बारा, उरलेले ३६ सहा एफवर. एसभोवती बारा. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये (४०) फॉस्फरसभोवती दहा. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये ३४ पैकी ३२ वाटून झाल्यावर दोन उरतात. ते मधल्या एसवर ठेवा, त्याचं अष्टक आधीच पूर्ण असलं तरी. ही सवलत तिसऱ्या आवर्तापासून पुढच्या मूलद्रव्यांनाच. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्याभोवती नऊ किंवा दहा दिसले तर चित्र चूकच.

सल्फेटची दोन चित्रं पुस्तकांत सापडतील : एक सगळ्या एकेरी बंधांचं, एक दोन दुहेरी बंधांचं. दोन्हींत ३२ इलेक्ट्रॉन. तुमच्या पाठ्यपुस्तकात जे असेल ते उत्तरपत्रिकेत लिहा.

नायट्रिक ऑक्साइड, एनओ : ५ + ६ = ११. विषम आकडा आला की एक ठिपका एकटा राहणारच. तो विद्युतऋणता कमी असलेल्या एनवर ठेवा; एनभोवती सात.

आणि साधा ऑक्सिजन. ओ=ओ, बारा इलेक्ट्रॉन, सगळ्या जोड्या पूर्ण, चित्र निर्दोष. तरी द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात जोडी नसलेले दोन इलेक्ट्रॉन आहेत. ठिपक्यांच्या चित्राला हे दाखवता येत नाही. त्यासाठी रेण्वीय कक्षकांचा सिद्धांत लागतो. परीक्षेत लुईस संरचना विचारली तर मात्र ओ=ओ हेच लिहायचं.

युरिया, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शेतात पडणारा पांढरा दाणेदार युरिया : मधे कार्बन, त्याला एक ऑक्सिजन आणि दोन एनएचटू. आतापर्यंतचं सगळं यात एकदाच येतं, म्हणून हा हातांनी पूर्ण करा.

जमा : सी ४, ओ ६, दोन एन १०, चार एच ४. एकूण २४. हवेत : ८ + ८ + १६ + ८ = ४०. फरक १६, बंध ८.

सांगाडा : सीच्या डोक्यावर ओ, डावी-उजवीकडे एकेक एन, प्रत्येक एनला दोन एच. एकेरी बंध सात, १४ गेले, उरले १०. ओला सहा, मग एकेका एनला दोन-दोन. वाटी रिकामी. मोजा : ओ आठ, दोन्ही एन आठ, सी सहा. एक जोडी सरकवायची. कुणाची?

ओची सरकवली तर ओ : ६ − ४ − २ = ०, एन : ५ − २ − ३ = ०, सी : ४ − ० − ४ = ०. एनची सरकवली तर त्या एनवर ५ − ० − ४ = +१ आणि ओवर ६ − ६ − १ = −१. म्हणून सी=ओ. बंध आठ झाले, युक्तीशी जुळलं. ओवर दोन लोन पेअर, प्रत्येक एनवर एक. १६ बंधांत आणि ८ मोकळे, २४.

एनच्या जोडीचं दुसरं चित्र मुख्य नसलं तरी टाकाऊ नाही. युरियातला सी–एन बंध सुमारे १३४ पिकोमीटरचा आहे, एरवीचा एकेरी सी–एन १४७ च्या आसपास असतो. बंध आखूड झालाय तो त्या दुसऱ्या चित्राच्या हिश्शामुळे.

उत्तरपत्रिकेत

ठिपके जोडीनेच काढा, चिन्हाच्या चार बाजूंना, विखुरलेले नको. पेन्सिलचं टोक टेकवून किंचित फिरवलं की गोल ठिपका येतो. नुसतं टोचलं तर तपासणाऱ्याला तो दिसत नाही. बंधासाठी रेघ किंवा दोन ठिपके, एका चित्रात एकच पद्धत. सुटा अणू काढायला सांगितला तर आधी चारही बाजूंना एकेक आणि मगच जोड्या : कार्बनचे चार सुटे, नायट्रोजनची एक जोडी आणि तीन सुटे.

कडेच्या क्लोरिनचे ठिपके गाळू नका. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ३२ पैकी २४ तिथेच असतात. मीठ सहसंयुज नाही. तिथे सामायिक जोडी काढायची नाही, सोडियमचा धन आयन आणि कंसात आठ ठिपक्यांचा क्लोराइड आयन वेगवेगळे काढायचे. अमोनियम क्लोराइडचंही तसंच, दोन कंस.

लुईस चित्रावरून आकार सांगू नका. पाणी वहीत सरळ रेषेत काढलं तरी चालतं, पण रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे. अमोनियाचा कोन सुमारे १०७, मिथेनचा १०९.५. आकार लोन पेअर मोजून पुढच्या पायरीत काढतात, म्हणूनच आधी त्या जोड्या बरोबर हव्यात.

सरावासाठी हे घ्या, कंसात जमा दिली आहे. कार्बन डायसल्फाइड (१६), हायड्रोजन पेरॉक्साइड (१४), ॲसिटिलीन (१०), फॉर्माल्डिहाइड (१२), क्लोरोफॉर्म (२६), फॉस्फरस ट्रायक्लोराइड (२६), हायपोक्लोरस आम्ल (१४), सल्फर डायऑक्साइड (१८), हायड्रोनियम आयन (८), सायनाइड आयन (१०). क्लोरोफॉर्ममध्ये नऊ लोन पेअर आल्या पाहिजेत, फॉस्फरस ट्रायक्लोराइडमध्ये दहा. दोघांची जमा सारखी, मग एक जोडी जास्त कुठे आली ते शोधा. सायनाइडमध्ये −१ कार्बनवर निघाला तर गोंधळू नका. कार्बन मोनॉक्साइडमध्येही तो तिथेच होता, आणि दोघांचे इलेक्ट्रॉन दहाच आहेत.